जात सगळ्या विषयांत लपते, मग आपला संशोधक एकाच विभागात का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने परदेशी शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची नवी नियमावली काढली. ही शिष्यवृत्ती मुख्यतः अनुसूचित जातींच्या, आणि त्यासोबत विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी आहे. सगळ्या देशासाठी वर्षाला जागा अवघ्या १२५. या नियमावलीत एक अट नव्याने घालण्यात आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास असे विषय घेऊन परदेशात जाणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही! खुलासा असा की, हे विषय भारतात राहूनच चांगले शिकता येतात, त्यासाठी परदेशात जायची गरज काय?

गरज काय, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे, आणि विधवेला जाळणे, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा त्या सजातीय विवाहाचे कुंपण राखण्यासाठी आल्या, ही मांडणी त्या निबंधात आहे. आज एखाद्या महार, मांग, चांभार, मेहतर घरातल्या मुलाने हाच विषय लिहून या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असता, तर २०२२ च्या नियमानुसार तो अर्ज बाद झाला असता. ज्यांच्यावर जात लादली गेली त्यांनीच जातीचा अभ्यास बाहेरच्या, मोकळ्या हवेत जाऊन करू नये, असा या अटीचा सरळ अर्थ होतो.

पण आपले विषय ठरवणारे दिल्लीतच बसलेले आहेत असे नाही. विद्यापीठात मार्गदर्शक म्हणतो, "तू दलित साहित्यावर घे, तुला सोपे जाईल." घरी आणि वस्तीत म्हणतात, "इतिहास घेऊन काय पोट भरणार? इंजिनिअरिंग कर." आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेले की सांगतात, "इथे जात-बित काही नसते, इथे फक्त गुणवत्ता." तिघांचे बोलणे वेगवेगळे वाटते, परिणाम मात्र एकच. आपल्या मुलाने काय विचारायचे हे दुसराच कोणी ठरवतो.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जात ही एका विभागात मावणारी गोष्ट नाही. ती इतिहासात आहे, तशी पगारात आहे, रक्तात आहे, गटारात आहे, आयुर्मानाच्या आकड्यात आहे आणि संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही शिरते आहे. जातीचा बचाव करणाराही दर वेळी नव्या विषयाच्या आडोशाला जातो. म्हणून आंबेडकरी तरुण प्रत्येक ज्ञानशाखेत हवा. आणि ज्या ज्ञानशाखेत जातीचा संबंध येतच नाही, तिथेही तो हवा.

बाबासाहेबांचा विषय कोणता होता?

हा प्रश्न कुणालाही विचारून पाहा. कोणी म्हणेल कायदा, कोणी म्हणेल समाजशास्त्र, कोणी म्हणेल धर्म. पदव्या पाहिल्या तर उत्तर अर्थशास्त्र असे येते. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा प्रत्येकी एक. म्हणजे एका विद्यार्थ्याने ज्ञानाच्या अर्ध्या बाजारपेठेत फिरून माल तपासला होता.

त्यांच्या संशोधनाची यादीही तशीच आहे. १९१८ मध्ये भारतातील लहान धारण क्षेत्रांच्या शेतीवर लेख. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर लंडनचा डी.एस्सी. प्रबंध, ज्यात त्यांनी केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या सुवर्ण विनिमय पद्धतीच्या समर्थनाला आव्हान दिले. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ. १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते याचा शोध, १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर विचार. आणि अखेरीस बुद्ध आणि त्यांचा धम्म.

यातले एक उदाहरण तरुणांनी नीट पाहावे. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, पराभूत झालेले लोक आहेत, असा सिद्धांत त्या काळी जोरात होता. बाबासाहेबांनी तो नुसत्या भाषणाने खोडला नाही. १९४८ च्या ग्रंथात त्यांनी वंशवादी पंडितांचेच हत्यार हातात घेतले. नाकाची लांबी-रुंदी मोजून वंश ठरवण्याची जी पद्धत होती, तिचेच आकडे त्यांनी प्रांतवार शेजारीशेजारी ठेवले आणि दाखवले की त्याच मापाने ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. नाकाच्या मापावरून वंश ठरवणे आज विज्ञान मानत नाही, हा भाग वेगळा. मुद्दा असा की, समोरचा ज्या विषयाची भाषा बोलतो ती भाषा शिकून, त्याच्याच मैदानात त्याला गाठायचे, ही बाबासाहेबांची रीत होती. आपण त्यांचे पुतळे चौकाचौकात उभे केले. ही रीत प्रत्येक विभागात उभी करायची राहिली आहे.

नकार बदलतो, म्हणून पुरावाही बदलावा लागतो

जातीचा बचाव कसा चालतो ते पाहा. पहिला नकार असा: "आता कुठे राहिली अस्पृश्यता?" याला उत्तर सर्वेक्षणाने द्यावे लागते. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ राज्यांतील ५६५ गावे पाहिली गेली. पाणवठा, देऊळ, चहाचे दुकान, शाळा, स्मशान, एकेका जागेची नोंद झाली. पुढे २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळतो हे स्वतःच्या तोंडाने कबूल केले. न सांगणारे वेगळेच.

मग दुसरा नकार येतो: "खेड्यात असेल, शहरात, खासगी कंपन्यांत नाही." इथे गावाचे सर्वेक्षण कामाला येत नाही. इथे प्रयोग करावा लागतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तो केला. ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश निघाली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आडनाव बघून अर्ज बाजूला पडतो हे आपल्या प्रत्येक वस्तीला ठाऊक होते. अर्थशास्त्राच्या प्रयोगाने त्याचे माप काढले.

तिसरा नकार सगळ्यात आवडता: "यांच्यात गुणवत्ताच नाही." याला उत्तर मानसशास्त्राच्या अंगाने गेलेल्या एका प्रयोगाने दिले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील ३२१ उच्च जातीच्या आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातीच्या शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्हीकडच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच आणि कोडीही तीच होती. वर्गात जात पुकारणारी व्यवस्था गुणवत्ता मोजत नाही, ती गुणवत्ता मारते.

चौथा नकार जरा शहाणा असतो: "हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही." संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतील सुमारे २ कोटी लोकांच्या आरोग्य सर्वेक्षणातून आयुर्मान काढले. उच्चजातीय हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुर्मान ४ वर्षांहून अधिक आणि दलितांचे ३ वर्षांहून अधिक कमी निघाले. यातला निम्म्यापेक्षा कमी भाग आर्थिक परिस्थितीने समजावता येतो. उरलेल्या वर्षांचे काय? ती कुणी खाल्ली? हा २०२२ चा अभ्यास आहे, पेशवाईतला नव्हे.

इतिहासकाराला नोकरीतला भेदभाव मोजता येत नाही आणि अर्थशास्त्रज्ञाला लेण्यातला लेख वाचता येत नाही. अपमानाची धग दोघांच्याही तक्त्यात उतरत नाही, ती आत्मकथनात उतरते. आणि या सगळ्याला हक्काचे रूप द्यायला कायद्याचा अभ्यासक लागतो. एकाच विषयात शंभर प्रबंध करून ही लढाई होत नाही.

प्रश्न कोण विचारतो?

कोणी म्हणेल, हे सगळे सामाजिक शास्त्रांत ठीक आहे. रसायनशास्त्रात, अभियांत्रिकीत जातीचे काय काम? आम्ही म्हणतो, गटारात उतरून पाहा.

मॅनहोल आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस मरतो तो बहुतेक वेळा बुडून नव्हे, वायूने मरतो. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका सर्वात मोठा असतो तेव्हा वास येणे बंद होते. आधी उतरलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हे रसायन पाठ्यपुस्तकात आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आणि मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांनी २०१८ साली रस्त्यावर आणला. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशात मॅनहोलसाठी यंत्र यायला इतकी वर्षे का लागली? तंत्रज्ञान अवघड होते म्हणून नव्हे. उतरणारा कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक होते म्हणून ते प्रयोगशाळेच्या टेबलावर कधी आलेच नाही.

ज्याचा भाऊ गटारात उतरतो त्याला सुचणारा प्रश्न, ज्याच्या घरात मॅनहोलचे झाकण कधी कुणी उचलले नाही त्याला सुचत नाही. यात त्या दुसऱ्या माणसाला दुष्ट ठरवायचे कारण नाही. जिथे माणूस उभा असतो तिथूनच त्याला दिसते.

अमेरिकेतही हेच घडले. जॉय बुओलामविनी या कृष्णवर्णीय तरुणीला असे दिसले की, चेहरा ओळखणारा संगणक तिचा चेहराच ओळखत नाही. तिने आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये बाजारातल्या अशा तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याच्या आत होती, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती जवळजवळ ३५ टक्क्यांपर्यंत गेली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणाला हे दिसले नव्हते. उद्या आपल्याकडे नोकरीचे अर्ज संगणक चाळणार असेल, कर्ज कुणाला द्यायचे हे संगणक ठरवणार असेल, तर तो आडनाव आणि पिनकोड वाचून काय शिकतो, हे तपासायला संगणकशास्त्रातले आपले लोक हवेत. मोर्चा काढून प्रोग्रॅम तपासता येत नाही.

लेण्यांवरची अक्षरे कोण वाचणार?

आता दुसऱ्या टोकाला चला. "इतिहास घेऊन काय पोट भरणार" असे म्हणणाऱ्यांसाठी.

आपल्यातले हजारो लोक दरवर्षी कार्ला, भाजे, कान्हेरी, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांना जातात. वंदना घेतात, फोटो काढतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, तिथे आहे. सामी नावाचा सुतार आहे. यवन दाते आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या सह्याद्रीत एक सुतार आपले नाव दगडावर कोरून घेत होता, ही गोष्ट जातिव्यवस्थेच्या इतिहासासाठी केवढी मोठी आहे! पण लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आपल्यातले किती जण ती वाचू शकतात?

ब्राह्मी वाचता येत नव्हती तोवर हा देश सम्राट अशोकालाही विसरला होता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली तेव्हा दगड बोलू लागले. लिपीशास्त्र, पाली, प्राकृत, नाणेशास्त्र, पुरातत्त्व हे विषय म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग नाही. कुठल्या टेकडीखाली स्तूप आहे आणि कुठल्या देवळाखाली विहार, हा वाद सोशल मीडियावरच्या घोषणेने सुटत नाही. उत्खननाचा थर, विटेचे माप आणि लेखाचे वळण यांनी सुटतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज यासाठीच आहे. तिथल्या प्रवेशाची जाहिरात आपल्या वस्तीतल्या किती विहारांच्या फलकावर लागते?

आणि सगळेच संशोधन विद्यापीठात होते असेही नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. तो इतिहास कुठल्याही सरकारी दप्तरात नव्हता, म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत होता. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर तो त्यांच्यासोबत गेला असता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राचा पुरावा म्हणून उभे केले. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य घालून बाबासाहेबांचे चरित्र बारा खंडांत लिहिले. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे संपादित केली, त्याचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. ही सगळी माणसे नसती तर आज आपण कशाच्या आधारे बोललो असतो?

पुरावा आपल्या बाजूचा असला तरी तपासा

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. संशोधन म्हणजे आपल्या घोषणेला चिकटवायचा शिक्का नव्हे.

जनुकशास्त्राचे उदाहरण घेऊ. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी, कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइश आदींनी दाखवले की भारतातले वेगवेगळे लोकसमूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत मिसळत होते, नंतर हे मिसळणे थांबत गेले. २०१६ मध्ये कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतील अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी म्हटले की बऱ्याच समूहांत हे मिसळणे साधारण ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या सुमारास, एकदम थांबले. २०१७ च्या एका अभ्यासात २६३ पैकी ८१ समूहांत पिढ्यानपिढ्यांच्या बंद विवाहाच्या खुणा इतक्या ठळक आढळल्या की आनुवंशिक रोगांचा धोका वाढतो. सजातीय विवाह हा जातीचा प्राण आहे हे १९१६ चे वाक्य आता रक्ताच्या नमुन्यात वाचता येते.

लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरतो: "विज्ञानाने सिद्ध केले, बाबासाहेबांनी सांगितलेले इ.स. ४०० हे साल बरोबर!" थांबा. बाबासाहेबांनी इ.स. ४०० च्या सुमाराचा काळ सांगितला तो अस्पृश्यतेच्या जन्माचा. जनुके सांगतात ती विवाहाची दारे बंद झाल्याची वेळ. या दोन गोष्टी जवळच्या आहेत, एक नाहीत. शिवाय दोन अभ्यासांच्या अंदाजांत काही शतकांचे अंतर आहे. हे न सांगता घोषणा दिली की समोरचा एक चूक पकडतो आणि सगळाच मुद्दा फेकून देतो.

नोकरीच्या अर्जांचेही तसेच. दिल्लीत अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसाच प्रयोग केला, तो थोरात आणि अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यांना सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला. हा निष्कर्ष आपल्याला गैरसोयीचा म्हणून लपवायचा का? नाही. त्यातून पुढचा प्रश्न निघतो. जिथे काम मोजता येते तिथे भेदभाव कमी आणि जिथे "व्यक्तिमत्त्व", "बोलण्याची ढब" पाहतात तिथे जास्त, असे आहे का? मुलाखतीनंतर, बढतीच्या वेळी काय होते? गैरसोयीचा पुरावा ज्याला झेपतो त्याचाच सोयीचा पुरावा लोक मानतात. कालाम सुत्तात तथागतांनी ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका असे सांगितले. ते आपल्या गटाच्या संदेशांनाही लागू आहे.

ताऱ्यांवरही आपला हक्क आहे

आणि आता ज्यांना जातीवर संशोधन करायचेच नाही त्यांच्यासाठी.

मेघनाद साहा १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात, खालच्या मानल्या जाणाऱ्या जातीतल्या छोट्या दुकानदाराच्या घरी जन्मले. कोलकात्याच्या वसतिगृहात उच्चजातीय मुलांना त्यांच्या पंक्तीला बसणे चालत नव्हते. त्याच साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणाने ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान आणि अवस्था वाचता येऊ लागली. त्या समीकरणात जात नाही. पण ते समीकरण लिहिणारा माणूस पंक्तीतून उठवला गेला होता, हे जगाने विसरू नये. रोहित वेमुलाही विज्ञानातून आला होता आणि त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. हैदराबादच्या विद्यापीठाने १७ जानेवारी २०१६ रोजी काय गमावले, याचा हिशेब कुठल्याही समितीच्या अहवालात मांडला गेला नाही.

दलिताने फक्त दलितत्वावरच बोलावे, ही अपेक्षा म्हणजे जातीने वाटून दिलेल्या कामाचीच नवी आवृत्ती आहे. पूर्वी चामडे वाटून दिले, आता विषय वाटून देतात. आपल्या मुलीला गणितातल्या मूळ संख्या आवडत असतील, समुद्राच्या तळाचे जीव आवडत असतील, तर तिच्याकडे "समाजासाठी काय केलेस?" अशी पावती मागू नका. तिचे तिथे असणे हेच पुष्कळ आहे. नेचर या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये दाखवले की भारतातल्या नामांकित विज्ञानसंस्थांत पदवीपासून पीएच.डी. आणि पुढे प्राध्यापकपदाकडे जावे तसे दलित-आदिवासींचे प्रमाण आटत जाते. देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहे. वरच्या पायरीवर ती जाते कुठे?

"ही चैन आपल्याला परवडत नाही"

कार्यकर्ते म्हणतात, इकडे अत्याचार होत आहेत, जमिनी जात आहेत, आणि तुम्ही शिलालेख आणि तारे घेऊन बसलात? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर हवे.

पहिले, महाडच्या सत्याग्रहाआधी चार वर्षे बाबासाहेब लंडनमध्ये रुपयाचा प्रबंध पूर्ण करत होते. त्या अभ्यासाने त्यांना चवदार तळ्यापासून दूर नेले नाही. दुसरे, ज्या समाजाकडे स्वतःचा पुरावा नसतो त्याला दुसऱ्याच्या अहवालावर जगावे लागते. उपवर्गीकरण असो, आरक्षण असो, जातनिहाय जनगणना असो, न्यायालयात आणि आयोगासमोर आकडेवारी मागितली जाते. ती आकडेवारी वाचणारा, तिच्यातली लबाडी पकडणारा संख्याशास्त्रज्ञ आपल्यात नसेल तर आपले भांडण दुसराच कोणी लढेल, तेही स्वतःच्या सोयीने.

तिसरे, पैशाचा प्रश्न खरा आहे. फेलोशिपसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात उपोषणाला बसावे लागते. महिनोन्महिने पैसे थांबतात, मुलगा प्रबंध सोडून शिकवणी घेतो, मुलीचे लग्न लावून दिले जाते. म्हणून फेलोशिपचे आंदोलन हे केवळ विद्यार्थ्यांचे आंदोलन नाही, ते चळवळीचे पहिल्या रांगेतले आंदोलन मानले पाहिजे. त्यात विषयाची अटही घ्या. शिष्यवृत्ती द्यायची आणि मेंदूला कुंपण घालायचे, हे चालणार नाही, असे ठणकावून सांगा.

आणि काही कामे सरकारची वाट न पाहता होणारी आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक ठरलेला वाटा दरवर्षी एका संशोधक विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी, प्रवासासाठी किंवा अर्जाच्या फीसाठी काढा. विहारात महिन्यातून एक रविवार असा ठेवा की आपल्या गावचा पीएच.डी. करणारा मुलगा किंवा मुलगी, विषय कोणताही असो, दहावी-बारावीच्या पोरांना मराठीत आपले काम समजावून सांगेल. बारावीच्या मुलांना मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या पलीकडे आयसर आहे, भारतीय सांख्यिकी संस्था आहे, गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे, हे जूनमध्ये नव्हे, जानेवारीत सांगा. कारण बऱ्याच ठिकाणी प्रवेश परीक्षांचे अर्ज उन्हाळ्याच्या आतच संपतात. वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या आज्यांना मोबाईलसमोर बसवा, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. १९५६ च्या दीक्षाभूमीवर उभे असलेले डोळे आता फार थोडे उरले आहेत.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी मार्गदर्शक तुम्हाला "हा विषय तुला सोपा जाईल" असे म्हणेल, तेव्हा त्याला नम्रपणे विचारा: सर, सोपा कुणासाठी? आणि मग तुम्हाला खरोखर जो प्रश्न झोपू देत नाही, तो अर्जावर लिहा.

जय भीम!